एक नग, नमुना

लक्ष्मीपुरीत खाली तांदळाची पोती,
वर आमचं ऑफिस. आयात-निर्यातीचे कागद करतो आम्ही.
समुद्र मी दोनदाच पाहिलाय,
एकदा शाळेच्या सहलीत, एकदा लग्नानंतर.

टेबलावर एक ब्रश उभा आहे.
निळे नायलॉनचे केस, मधे पिळाची तार,
बुडाशी आटे.
असे बाराशे, उद्यमनगरच्या मुनाफ बारगीरांचे,
न्हावा-शेव्याला अकरा दिवस अडकलेत.
साहेबांची विचारणा एका ओळीची:
हा यंत्राचा भाग, की नुसता ब्रश?

मुनाफभाई फोनवर, चढ्या आवाजात:
"अवो, दुधाचं कॅन धुतंय ते! यंत्रात बसवलं की गरागरा फिरतंय.
नुसतं हातात घिऊन काय दात घासनार हाय का मी?"
हे उत्तरात जसंच्या तसं घालता आलं असतं
तर एक कागद वाचला असता.

दरसूची, प्रकरण शहाण्णव, शीर्षक तिसरं.
एकाच ओसरीवर बसलेत सगळे:
दातांचे, दाढीचे, चित्रांचे,
भिंती रंगवायचे, पिसांचे झटकणे,
आणि सगळ्यांच्या आधी, पहिल्या मानाला,
काड्यांच्या, पात्यांच्या, एकत्र बांधलेल्या केरसुण्या,
मूठ असो वा नसो.
पुढं कुठंतरी यंत्रांचे भाग.
शेवटी, ज्यांचं कुणीच नाही त्यांच्यासाठी:
इतर.

तानूबाई आवळे साडेआठला येतात झाडायला,
बगलेत शिंदीची केरसुणी, स्वतः बांधलेली.
ब्रश त्यांनी उलटासुलटा केला,
केसांतून अंगठा फिरवला.
"यानं केर न्हाई निघायचा."
केरासाठी नाही, धुण्यासाठी, म्हटलं.
"मग तसं म्हना की.
खराटा अंगनातला, त्यो उंबऱ्याच्या आत येत न्हाई.
केरसुनी घरातली, तिला पाय लावत न्हाईत.
कुंचा चुलीपाशी, बुतारा गोठ्यात.
ह्यो कुठं ऱ्हानार, ते सांगा आदी.
नाव मागनं."

पाच परिच्छेद तयार होते माझे,
आराखडा, कारखान्याचं पत्र, माहितीपत्रक जोडून.
ते सगळे खाली ढकलले
आणि वर एक ओळ लिहिली:
सदर ब्रश यंत्रातच राहतो.
हातात धरण्यासाठी त्याला मूठ नाही.

अठराव्या दिवशी माल सुटला.
का, ते कुणी कळवलं नाही.
त्या ओळीमुळं असेल,
किंवा साहेबांची बदली झाली म्हणून.
विलंबशुल्क मुनाफभाईंनी भरलं, शिवी पोटात ठेवून.

महिनाअखेरीला व्हाउचरं करत होतो.
तानूबाईंचे सातशे रुपये.
पगारात त्यांचं नाव नाही,
दुरुस्ती-देखभालीत त्या बसत नाहीत.
मागची पानं चाळली.
सहा वर्षं, माझ्याच अक्षरात, एकच शब्द.
पेन खाली ठेवलं, चहा सांगितला.
नवं खातं काढायला मालकांची सही लागते.
मालक म्हणाले, बघू.

नमुना परत पाठवायचा राहिला होता.
पावतीवर: एक नग. स्थिती: नवा की वापरलेला?
ब्रशाच्या टोकाला काळपट काहीतरी चिकटलेलं.
"मोरीच्या जाळीत बोटं जाईनात माजी,"
तानूबाई केरसुणी आपटत म्हणाल्या,
"एकदाच घातला. लई ब्येस निघालं बघा."

जाऊन पाहिलं.
जाळीची भोकं मोजता येत होती.
सोळा आहेत.

ब्रश नळाखाली धरला.
आट्यांपाशी, तारेच्या पिळावर,
चार बोटं बरोबर बसतात,
अंगठ्यालाही जागा आहे.

हे मी कुठंच लिहिलेलं नाही.